औषध चालतं, पाणी नाही

माझ्या सासरच्या विहिरीला बारा महिने पाणी होतं आणि त्या घरातल्या आम्ही बायका बारा महिने तहानलेल्या असायचो. हे वाचून कुणाला वाटेल, सासुरवास होता. तसलं काही नव्हतं. खायला-प्यायला कुणी नाही म्हणत नव्हतं. पण प्यालेलं पाणी पुढे जाणार कुठे, हा प्रश्न होता, आणि तो तोंडाने विचारायची सोय नव्हती.

नागपूरच्या महालातलं घर. मोरी परसात, आणि परसात जायचं तर ओसरीवरून जावं लागे. ओसरीवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, ठाण मांडून बसलेले. सेक्रेटरिएटातून पेन्शनीत निघालेले कारकून ते, त्यामुळे त्यांच्यापाशी आणखी चार पेन्शनर कायम. त्यांच्यासमोरून डोक्यावरचा पदर सावरत एकदा जाऊन आलं की दुपारपर्यंत पुन्हा जायची छाती होत नसे. त्यात सकाळचा स्वयंपाक सोवळ्यात. सोवळं नेसून मोरीवर गेलं की सोवळं मोडलं. पुन्हा आंघोळ, पुन्हा ओलं लुगडं. कोण करत बसतो? त्यापेक्षा घोटभर पाणी कमी प्यावं. मी मौद्याची, कन्हान नदीच्या काठी वाढलेली, घटाघटा पाणी पिणारी मुलगी. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मीही दिवसाकाठी दोन फुलपात्र्यांवर राहायला शिकले आणि वर शहाणी सून म्हणवून घेऊ लागले.

अशा शहाणपणाची किंमत बायकांनाच द्यावी लागते. लघवीला आग होते, थेंब थेंब होते, जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटतं. याला आमच्याकडे उन्हाळी लागणं म्हणतात. गल्लीत घरोघरी कुणा ना कुणाला ती लागलेली असायची आणि कुणीच कुणाला सांगायचं नाही.

पहिल्या खेपेला मला दिवस गेले तेव्हा चौथा महिना सरता सरता उन्हाळी लागली. मी गप्प राहिले. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांनी माझं तोंड आणि परसातल्या फेऱ्या पाहून काय ते ओळखलं. मग धन्या-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, गोखरूचा काढा झाला. पळसाची वाळलेली फुलं शिजवून ओटीपोटावर शेक दिला. बरं वाटायचं आणि पुन्हा उलटायचं. एका दुपारी हुडहुडी भरून ताप चढला, पाठीत बरगड्यांखाली कळ निघाली, आणि ताप उतरायच्या आत पोट रिकामं झालं. मुलगा होता. मला दाखवला नाही. सुईण आत्याबाईंच्या कानात बोलली ते मी ऐकलं, एवढंच.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तर पाणीच पोळलं होतं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आनंदबिनंद काही झाला नाही, सरळ भीती वाटली. मोरीवर जाताना दर वेळी श्वास धरायचा. आग होते का? आज नाही झाली. मघापेक्षा जरा झाली का? की मनाचे खेळ? बाहेर यायचं आणि लगेच पुढच्या वेळेची धास्ती घ्यायची. पोटातल्या जिवाला काय सांगणार की तुझी आई दिवसभर कशाचा विचार करते.

लढाई चालू होती. माझे यजमान मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून. हाती बंदूक नाही, नुसता टाक. तरी त्यांना आसामकडे पाठवलं, ब्रह्मदेशाच्या वाटेवर कुठेतरी. नेमकं कुठे, ते लिहायला मनाई. ते गेले आणि घरात मी, आत्याबाई, मामंजी अशी तीन माणसं उरली. मामंजी रोज वर्तमानपत्र वाचत आणि आम्ही विचारलं की, ‘विशेष काही नाही,’ म्हणत. त्यांचा आवाज मात्र निराळंच सांगत असे.

आत्याबाईंचं माहेर रामटेकचं. तिकडच्या टेकड्यांवर करवंदाच्या जाळ्या, आणि त्यांच्या आईचा ठाम समज, की जी बाई करवंदाचं सरबत पिते तिला उन्हाळी शिवत नाही. पिकलेली काळी करवंदं नव्हेत. अर्धकच्ची, गुलाबी, तोडली की देठातून चीक गळणारी, दात आंबवणारी. ज्येष्ठात बाजारात टोपल्या आल्या तशी आत्याबाईंनी टोपलीच्या टोपली उचलून आणली. साखर कंट्रोलची, मोजूनच मिळणारी. घरातला चहा बंद झाला आणि ती साखर पाकात गेली. मामंजींनी त्यावर जेवढी कुरकुर केली तेवढी उभ्या जन्मात इंग्रज सरकारविरुद्ध केली नसेल.

“चहानं काय होते? एकदा पोरीचं निभू द्या, मग प्या हंडाभर,” आत्याबाई म्हणाल्या.

चिनी मातीची बरणी भरली. रोज सकाळी पितळी तांब्याभर पाण्यात पळीभर पाक ढवळून त्या माझ्यासमोर उभ्या राहत. “पूर्ण पी वं. बुडाशी ठेवू नको, औषध बुडाशीच राहते.” दुपारी पुन्हा एक तांब्या. तिसऱ्या प्रहरी आणखी एक. मला सोवळ्यातल्या स्वयंपाकातून त्यांनी काढूनच टाकलं. भाज्या निवड आणि बसून राहा. आणि एका सकाळी पाहते तर ओसरी मोकळी! मामंजींची सतरंजी, तक्क्या, पानाचा डबा, सगळं उचलून पुढच्या पायऱ्यांवर नेलेलं.

“हे काहून?” मामंजींनी विचारलं.

“ओसरी सारवाची आहे.”

ती ओसरी पुढे सारा पावसाळा सारवायचीच राहिली. पेन्शनर मंडळी पायऱ्यांवर छत्र्या उघडून बसायची. मी दिवसातून वाटेल तेवढ्या वेळा परसात जाऊ लागले.

आणि उन्हाळी लागली नाही. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, लागली नाही. आता कुणीही विचार करील तर त्याला दिसेल की घरात चार गोष्टी बदलल्या होत्या. आम्हाला एकच दिसली, कारण ती बरणीत होती आणि गुलाबी होती. आत्याबाईंनी करवंदाचा डंका पिटला. शेजारणी वाटी घेऊन येऊ लागल्या आणि मागच्या दाराने, पदराखाली वाटी झाकून, पाक नेऊ लागल्या. कुणाला गुण आला, कुणाला नाही आला. ज्यांना आला नाही त्यांच्याबद्दल आत्याबाई म्हणत, “श्रद्धेनं घेतलं नसंल.”

श्रावणात आत्याबाईंनीच मला बायकांच्या दवाखान्यात नेऊन दाखवलं. तिथली लेडी डॉक्टर बंगाली, उंच, चष्मेवाली. हिंदी बोलायची आणि मध्येच मराठीत शिरायची. तिने पोट तपासलं, लाकडी नळकांडं लावून बाळाचे ठोके ऐकले, सगळं ठीक म्हणाली. आत्याबाईंनी छाती काढून करवंदाची हकीकत सांगितली. डॉक्टरीण हसली नाही. म्हणाली, फळाचं मला ठाऊक नाही, फायदा असेल, नसेल. कुणी पारखून पाहिलेलं नाही. पण पाणी प्यायला घालता ना? आणि हिला लागलं की लगेच जाऊ देता ना? तेवढं चालू ठेवा.

“बाईले औषधातलं काही समजत नाही,” टांग्यात बसताना आत्याबाई म्हणाल्या. “पाण्यानं कोणाचा रोग गेला का? तसं असतं तं विहिरीवर दवाखाना उघडला असता.”

मी हसले. मलाही ते पटलं होतं. पाणी फुकटचं, फुकटच्या वस्तूवर कुणाचा विश्वास बसतो?

अलीकडे माझ्या नातसुनेला हाच त्रास फिरून फिरून होतो, तेव्हा तिचा डॉक्टर क्रॅनबेरीच्या गोळ्या देतो. त्याही लाल, त्याही आंबट फळाच्या, आणि आपल्या करवंदालाच लोक इथली क्रॅनबेरी म्हणतात असं ती सांगते. मी तिला खोदून खोदून विचारलं. डॉक्टरचं म्हणणं असं, की काही बायकांना पुन्हा पुन्हा होण्यापासून त्याने थोडं वाचायला होतं, लागलेली उन्हाळी मात्र त्याने जात नाही, आणि गरोदर बाईला त्याचा उपयोग होतो असं काही दिसलेलं नाही. क्रॅनबेरीवर पारख झाली तशी करवंदावर झाल्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे एवढी वर्षं गेली, एवढी शास्त्रं झाली, आणि उत्तर बंगाली डॉक्टरणीच्या जवळपासच आलं. मला राग आला. कुणावर, ते सांगता येत नाही.

श्रावण सरत आला. यजमानांची खुशाली येऊन बरेच दिवस झाले होते. त्यात गल्लीच्या टोकाच्या घरी तार आली. त्यांचा मुलगाही तिकडेच होता. तारवाल्याची सायकल आमच्या दारावरून पुढे गेली तेव्हा आत्याबाई पायरीवर उभ्या होत्या; त्यांनी दाराची चौकट धरली आणि सायकल वळेपर्यंत सोडली नाही. मग त्या घरातला हंबरडा ऐकू आला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. सुटलो, हा विचार दोघींच्याही मनात आला होता आणि त्याची लाज वाटत होती.

त्यानंतर चारच दिवसांत हरतालिका. नवऱ्याच्या आयुष्यासाठी धरायचा उपास, आणि आमच्या घरी तो निर्जळी. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूच्या महादेवाची उत्तरपूजा झाली की मगच सोडायचा. गरोदर बाईला सूट असते. आत्याबाईंनी मला ती देऊन टाकली होती. “तू फळं खाय, पाणी पी. देव काही आंधळा नाही.”

मीच ऐकेना. “मले धरायचा आहे,” म्हटलं.

“अवं, पोटात लेकरू आहे.”

“मागच्या वर्षी धरला होता न? मग या वर्षीच कशी सोडू? या वर्षीच तं ते तिकडे आहेत.”

मी नको तिथे बोट ठेवलं होतं. तो माझा नवरा होता तसा आत्याबाईंचा एकुलता एक मुलगा होता. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, की मी उपास धरावा असं त्यांनाही आतून वाटत होतं, आणि तसं वाटल्याबद्दल त्या स्वतःवरच चिडल्या होत्या. तार आलेल्या घरातल्या सुनेने गेल्या साली आजारपणात हरतालिका सोडली होती, असं विहिरीवर कुणीतरी बोलून गेलं होतं. असल्या बोलण्याला जीभ तोडून ठेवावी. पण ते कानात गेलं की निघत नाही.

पायऱ्यांवरून मामंजी म्हणाले, “शास्त्राप्रमाणे पाण्यानं व्रत मोडत नाही. पाणी, मूळ, फळ, दूध, औषध, यातलं काहीही चालते.”

“पुरुषांचं शास्त्र पुरुषांपाशी ठेवा. निर्जळी म्हणजे निर्जळी,” आत्याबाई कडाडल्या. पण त्यांच्या मनात त्यातला एक शब्द अडकला. थोड्या वेळाने माझ्यापाशी येऊन बसल्या. चेहरा उजळला होता. “औषध चालते म्हणे. मग करवंदाचा पाक हे औषधच आहे न वं? तो घे. नुसता घे, चमच्यानं. पाणी नाही लागणार तं उपास नाही मोडणार, आणि औषध पोटात जाईल तं उन्हाळी नाही लागणार.”

मला वाटलं, यांच्यासारखी हुशार बाई नागपुरात नाही. नवराही राखला, मूलही राखलं. आम्ही दोघी एवढ्या हलक्या झालो की पत्री निवडताना हसत होतो.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात. इथे पखालच ओतून टाकली आणि तिच्यात टाकायचं औषध तेवढं ठेवलं!

हरतालिकेला सकाळी पूजा झाली. वाळूचा महादेव, वाळूच्या सखी-पार्वती, बेल, दूर्वा, आघाडा. भाद्रपदाचं ऊन आमच्याकडे चैत्राला लाजवतं. दुपारी अंगणातली फरशी पायाला चटके देत होती. आत्याबाईंनी चमचाभर पाक चाटवला. गोड, आंबट, चिकट. जिभेला, टाळूला, घशाला लागून बसला आणि तहान भडकली. पुन्हा चमचा आला. मी घेतला. औषधच ते. त्या दिवशी पोटात पाणीच नव्हतं, त्यामुळे परसात जायचंही फारसं कारण पडलं नाही, आणि मला तेही चांगलंच लक्षण वाटलं.

तिसऱ्या प्रहरी मोरीवर गेले आणि आग झाली.

मी तिथेच भिंत धरून उभी राहिले. मनाचे खेळ, म्हटलं. बाहेर आले, चार पावलं चालले, पुन्हा जावंसं वाटलं. गेले. थेंब थेंब, आणि विस्तवासारखा. हे मला पाठ होतं. आता पुढे काय होतं ते मला पाठ होतं. विहीर समोर होती, रहाटावर भरलेली बादली होती, आणि मी तिच्याकडे पाहत उभी होते. एक ओंजळ घ्यावी? घेतली आणि उद्या सायकल दारात थांबली तर? नाही घेतली आणि पुन्हा सुईण आली तर? पोटावर हात ठेवला. बाळ हललं नाही. सकाळपासून हललं होतं का? आठवेना. मी इतकी घाबरले की मला रडूही येईना.

मग दात वाजायला लागले. भर उन्हात परसात हुडहुडी भरली. आत्याबाई दारात आल्या आणि त्यांनी मला पाहिलं. काही विचारलं नाही. बादलीतून तांब्या भरला आणि माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड फिरवलं.

“पी.”

“नाही. त्यांचं काही झालं तं?”

“पी म्हणून राहिली न मी!”

“आत्याबाई, ते तिकडे आहेत. मी नाही पिणार.”

त्यांनी डाव्या हाताने माझी मान धरली. “तुझा उपास मी धरते. दोघींचा मी धरते. त्याची आई आहे मी, माझं ऐकंल देव. तू पी.”

मी प्यायले. तांब्याभर प्यायले, आणि पिताना मला वाटत होतं की मी नवऱ्याच्या जिवाचे घोट घेते आहे. इतकी वर्षं झाली, पण त्या पाण्याची चव मला अजून सांगता येते. विहिरीचंच होतं, थंड होतं, आणि मला ते कडू लागलं.

ताप चढतच गेला. दुसऱ्या दिवशी उजाडताच टांगा बोलावून दवाखान्यात नेलं. गणेश चतुर्थी होती. घरात गणपती बसायचा होता, मोदक व्हायचे होते, हरतालिकेची उत्तरपूजा व्हायची होती. आत्याबाईंनी सगळं मामंजींवर टाकलं आणि टांग्यात चढल्या. मामंजी पळीपंचपात्र हातात घेऊन दारात उभे राहिले. त्यांना इतकं केविलवाणं मी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरणीने पाठीला बोट लावलं तशी मी किंचाळले. तिने विचारलं, काल काय काय दिलं? आत्याबाईंनी सांगितलं. औषध दिलं होतं, वेळच्या वेळी दिलं होतं, एकही चमचा चुकवला नाही.

“पाण्यात?”

“नाही. उपास होता न.”

“दवा तो दिया,” डॉक्टरीण म्हणाली, “पानी कहाँ गया?”

आत्याबाईंच्या लक्षात यायला लागलं होतं, आणि ते येताना मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. माझ्याच्याने बघवेना.

बाळाच्या ठोक्यांसाठी डॉक्टरणीने नळकांडं लावलं. इथे लावलं, तिथे लावलं. भुवया आवळल्या. आता नीट ऐकू येत नाही, म्हणाली, ताप उतरला की पुन्हा पाहू. तिचा आवाज अगदी आमच्या मामंजींच्या ‘विशेष काही नाही’सारखा होता. तिने जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, की या गोळ्या पाण्याशिवाय घेतल्या तर मूत्रपिंडात खडे धरतात. भरपूर पाणी, सोडा घालून, थोड्या थोड्या वेळाने, उलटी झाली तरी पुन्हा.

पहिली गोळी उलटून पडली. नर्सने पेला पुन्हा पुढे केला. मी आत्याबाईंकडे पाहिलं. खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या होत्या. ओठ फाटून पांढरे झाले होते. घरची उत्तरपूजा त्यांच्या हातून झाली नव्हती, म्हणून उपास सुटला नव्हता. आणि दवाखान्यातलं पाणी तर त्या एरवीही शिवल्या नसत्या. कालपासून थेंब नाही. मुलासाठी. माझ्या वाटचं त्या सोसून राहिल्या होत्या आणि मी पेल्यामागून पेले प्यावेत, हे मला होईना.

मी पेला बाजूला सारला. तापाचं बरळणं नव्हतं, पूर्ण शुद्धीत होते. “तुम्ही तहानल्या बसून राहिल्या त्यांच्यासाठी. म्हणजे तुमच्या मनात अजून तेच आहे न? मग मी कशी पिऊ?”

“अवं पोरी, मी धरलाय म्हणून तं तू प्याची.”

“मले नाही जात घशाखाली.”

खरंच जात नव्हतं. नर्स चिडली. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या, मग माझ्या पोटाकडे, मग खिडकीतून बाहेर. बाहेर काही नव्हतं, रस्ता होता. मग त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. व्हरांड्यात दवाखान्यातल्या कामवाल्या आयांच्या पिण्याचा माठ होता, वर कथलाचा पेला पालथा घातलेला. सगळ्या जातींच्या तोंडाचा पेला तो. आमच्या घरात परक्याच्या हातचं पाणी न घेतलेली ती बाई त्या माठापाशी गेली. पेला बुडवून भरला. क्षणभर डोळे मिटले, ओठ हलले. देवाला काय सांगितलं, कुणाला ठाऊक. मग पेला तोंडाला लावला आणि सगळा संपवला. पुन्हा भरला, पुन्हा संपवला. हनुवटीवरून पाणी ओघळून लुगड्यावर सांडलं. तशाच ओल्या, माझ्यापाशी आल्या आणि नर्सच्या हातातून पेला घेतला.

“मोडला मी,” त्या म्हणाल्या. “आता पी.”

मी प्यायले. उलटी झाली, पुन्हा प्यायले. त्या दिवशी त्यांनी मला किती पाणी पाजलं त्याचा हिशोब नाही. दर पेल्यानंतर मला धरून त्या मोरीवर नेत आणि दाराशी उभ्या राहत. दुसऱ्या दिवशी ताप उतरू लागला. तिसऱ्या प्रहरी डॉक्टरणीने पुन्हा नळकांडं लावलं, बराच वेळ कान लावून बसली, आणि मग माझ्या गालावर थोपटलं. माझी मुलगी मार्गशीर्षात झाली. आता ती स्वतः आजी आहे आणि मला पथ्य शिकवते.

पण मला सांगायचं आहे ते आत्याबाईंचं. घरी आल्यावर त्यांनी करवंदाचं नाव काढलं नाही. शेजारणी वाटी घेऊन आल्या की पाक देत आणि म्हणत, “तांब्याभर पाण्यात घ्या बरं, नाही तं नका घेऊ.” माठावरच्या पाण्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, विसरल्या. आसामहून अधूनमधून खुशालीचं कार्ड येई, ते पोचेपर्यंत जुनं झालेलं असे. तारवाल्याची सायकल गल्लीत शिरली की त्या हातातलं काम टाकून आत जात आणि घंटी लांब गेल्यावरच बाहेर येत. मी ते पाहत होते. त्यातलं मला काही कळलं नव्हतं.

मुलगी रांगायला लागली तेव्हा हे परत आले. वाळलेले, काळवंडलेले, मलेरियाने पिवळे पडलेले, पण धडधाकट. दारात ट्रंक ठेवली आणि आईच्या पाया पडायला वाकले. आत्याबाईंनी आशीर्वाद दिला नाही. त्यांचे दोन्ही दंड घट्ट धरले.

“मी उपास मोडला होता गा तुझा,” त्या म्हणाल्या. “हरतालिकेचा. तू तिकडे होता आणि मी पाणी प्यायली.”

यांना कशाचाच पत्ता नव्हता. ते हसले. “बरं केलं न, आई. मी तं तिथे रोज दोन वेळा जेवत होतो.”

आत्याबाईंनी त्यांच्या थोबाडीत मारली. एवढ्या मोठ्या, लढाईवरून आलेल्या मुलाच्या. मग त्याच हाताने त्यांचा गाल चाचपत, उंबऱ्यावर बसून, मोठमोठ्याने रडायला लागल्या. मुलगी घाबरून माझ्या कडेवर रडू लागली. हे माझ्याकडे बघत होते, काय झालं म्हणून, आणि मला ते सांगता येईना.